पेट्रोलमधील शिसे आणि आमच्या वर्गातील 'ढ' मूल

आपल्या निवासी विद्यालयाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी इतिहासाच्या शिक्षकाने लेख द्यावा आणि तो विद्यालयाच्या वाटचालीवर किंवा चळवळीच्या इतिहासावर असावा, ही संपादक मंडळाची अपेक्षा साहजिकच होती. आम्ही मात्र विषय निवडला तो पेट्रोलमधील शिशाचा. धातू, धूर आणि रक्त यांच्याशी इतिहासाच्या शिक्षकाचा काय संबंध, असा प्रश्न वाचकांच्या मनात येईल. त्याचे उत्तर देण्यापूर्वी आम्हास स्वतःची एक चूक सांगितली पाहिजे.

नोकरीची पहिली वर्षे होती. सातवीच्या वर्गात एक मुलगा होता. त्याचे वडील बॅटरी दुरुस्तीच्या एका दुकानात कामास होते. जुन्या बॅटऱ्यांच्या प्लेटा ते घरी आणीत आणि अंगणातल्या चुलीवर वितळवून त्यांच्या लगडी करून विकीत. सुट्टीहून वसतिगृहात परतला की तो मुलगा आठ-आठ दिवस पोट दुखते म्हणून पडून राही. पाढे पाठ होत नसत, फळ्यावरचे उतरवून घेताना ओळी गळत, कोणी हटकले की तो चटकन अंगावर येई. आम्ही त्यास भर वर्गात उभे करून 'ढ' म्हटले. एकदा नव्हे, अनेकदा. आठवीनंतर त्याने शाळा सोडली. पुढे काही वर्षांनी शिशाच्या विषबाधेची लक्षणे आमच्या वाचनात आली आणि तो मुलगा डोळ्यांसमोर उभा राहिला. त्याच्या रक्तात शिसे होते, असे आम्ही आजही छातीठोकपणे म्हणू शकत नाही. कारण ते तपासून घ्यावे, असे तेव्हा आमच्या मनातही आले नाही. मुलाच्या डोक्यात काही शिरत नाही याचा दोष आम्ही मुलाच्या डोक्यालाच दिला. ती आमची चूक होती.

त्या चुकीच्या निमित्ताने आम्ही जे वाचले, त्यात बॅटरीहून मोठा एक इतिहास सापडला. जगातील कोट्यवधी मुलांच्या शरीरात शिसे पोहोचले ते हवेतून, आणि हवेत ते आले पेट्रोलमधून. तो इतिहास येथे थोडक्यात मांडीत आहोत.

शिसे पेट्रोलमध्ये कशासाठी घातले?

पेट्रोलच्या इंजिनात इंधन आणि हवा यांचे मिश्रण दाबले जाते आणि ठरावीक क्षणी ठिणगी पडून ते जळते. इंधन हलक्या प्रतीचे असेल तर मिश्रणाचा काही भाग अवेळी पेट घेतो आणि आतून ठक ठक असा आवाज येतो. आपले मेकॅनिक यालाच 'नॉकिंग' म्हणतात. त्याने गाडीची ताकद घटते आणि इंजिनाची झीज होते. अमेरिकेतील जनरल मोटर्स या कंपनीत काम करणारे अभियंते थॉमस मिड्ग्ले यांना डिसेंबर १९२१ मध्ये असे आढळले की, टेट्राइथाइल लेड नावाचे शिशाचे संयुग अत्यल्प प्रमाणात पेट्रोलमध्ये मिसळले तर हा ठोका थांबतो. १९२३ मध्ये असे पेट्रोल विक्रीस आले. त्यास नाव देण्यात आले 'इथाइल'. 'लेड' म्हणजे शिसे हा शब्द नावातून गाळलेला होता.

शिसे विषारी आहे हे तेव्हा कोणास ठाऊक नव्हते, असे नाही. रोमन काळापासून ते माहीत होते. खुद्द मिड्ग्ले यांना १९२३ मध्ये शिशाची बाधा झाली होती आणि त्यांना विश्रांतीसाठी जावे लागले होते. ऑक्टोबर १९२४ मध्ये न्यू जर्सीतील तेल शुद्धीकरण कारखान्यात हे संयुग तयार करणारे ५ कामगार भ्रमिष्ट होऊन मरण पावले आणि अनेकांना रुग्णालयात न्यावे लागले. त्यानंतर मिड्ग्ले यांनी पत्रकारांसमोर ते द्रव्य हातांवर ओतून घेतले आणि ते निर्धोक असल्याचे सांगितले. मे १९२५ मध्ये वॉशिंग्टन येथे सरकारने परिषद बोलाविली. हार्वर्ड विद्यापीठाच्या पहिल्या महिला अध्यापक आणि कामगारांच्या आजारांच्या जाणकार डॉ. ॲलिस हॅमिल्टन यांनी तेथे इशारा दिला की, प्रश्न एका कारखान्याचा नाही, रस्त्यावरील प्रत्येक माणसाचा आहे. परंतु अपाय होतो हे सिद्ध झालेले नाही, असे म्हणून १९२६ मध्ये विक्रीचा मार्ग मोकळा करण्यात आला.

इतिहासाचा विद्यार्थी येथे थबकतो. निर्धोक असल्याचा पुरावा विकणाऱ्याने द्यावयाचा, की अपाय झाल्याचा पुरावा श्वास घेणाऱ्याने द्यावयाचा? १९२६ च्या त्या निर्णयाने ही जबाबदारी श्वास घेणाऱ्यावर टाकली आणि तो पुरावा जमण्यास अर्धे शतक लागले. अल्कोहोल मिसळूनही ठोका थांबतो हे मिड्ग्ले यांना ठाऊक होते. पण अल्कोहोल कोणालाही तयार करता येते, त्यावर एका कंपनीची मक्तेदारी चालत नाही. शिशाच्या मिश्रणाचे मात्र पेटंट घेता येत होते. आज शंभर वर्षांनी आपल्याच मराठवाड्यातील उसापासून इथेनॉल तयार होऊन पेट्रोलमध्ये मिसळले जात आहे, आणि तेही हेच ठोका थांबविण्याचे काम करते. तथागतांनी उपासकांना जे पाच व्यापार वर्ज्य सांगितले, त्यांत विषाचा व्यापार आहे. पेट्रोलमधील शिशाची कथा त्या उपदेशाचे आधुनिक काळातील एक मोठे उदाहरण आहे.

मुंबईस १९९५, परभणीस २०००

भारतात पेट्रोलमध्ये शिशाचे प्रमाण लिटरला ०.५६ ग्रॅमपर्यंत असण्यास मुभा होती. दिवसाला ५ लिटर पेट्रोल जाळणाऱ्या एका ऑटोरिक्षाचा हिशेब करून पाहू. त्या पेट्रोलात जवळपास २.८ ग्रॅम शिसे. त्यातील सुमारे तीन चतुर्थांश भाग सायलेन्सरमधून बाहेर पडणार, म्हणजे एका रिक्षामागे दिवसाला सुमारे २ ग्रॅम. हा आकडा क्षुल्लक वाटतो, पण रक्तातील शिसे ग्रॅमच्या दहा लाखाव्या भागात, म्हणजे मायक्रोग्रॅममध्ये मोजतात, हे ध्यानात घेतले की त्याचे गांभीर्य कळते. हे कण इतके सूक्ष्म असतात की श्वासाबरोबर थेट फुप्फुसाच्या तळाशी जातात. जड कण रस्त्याकडेच्या मातीत बसतात. मातीत पडलेले शिसे कुजत नाही, वाऱ्याने विरत नाही, पावसाने फारसे वाहून जात नाही. धातू तो धातूच राहतो.

एम. सी. मेहता यांनी हवेच्या प्रदूषणाबाबत १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात केलेल्या याचिकेच्या सुनावणीतून पुढे शासनास पावले उचलावी लागली. १९९४ मध्ये दिल्ली, मुंबई, कोलकाता आणि चेन्नई या चार महानगरांत शिशाचे प्रमाण लिटरला ०.१५ ग्रॅमवर आणण्यात आले. १ एप्रिल १९९५ पासून त्याच चार महानगरांत शिसेविरहित पेट्रोलचे स्वतंत्र पंप सुरू झाले. संपूर्ण देशात शिसेविरहित पेट्रोल आले ते १ फेब्रुवारी २००० रोजी.

१९९५ मध्ये महानगरांना प्राधान्य मिळण्याचे एक कारण तेथील वाहनांची गर्दी हे होतेच. दुसरे कारण असे की, त्या दिवसापासून तेथे नव्या मोटारींना धूर स्वच्छ करणारे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बसविणे सक्तीचे झाले. त्यातील प्लॅटिनमवर शिशाचा थर बसला की ते यंत्र निकामी होते. अमेरिकेतही १९७४ मध्ये शिसेविरहित पेट्रोल पंपावर आले ते प्रथम याच यंत्रासाठी. म्हणजे शिशाने प्लॅटिनम बिघडते हे जगाने तत्परतेने मान्य केले. मूल बिघडते हे मान्य करण्यास मात्र वेळ घेतला. परभणी, जिंतूर, गंगाखेड, सेलू, पाथरी येथील पंपांवर शिसेविरहित पेट्रोल महानगरांनंतर जवळपास पाच वर्षांनी आले.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे नमूद केली पाहिजे. एस. टी. आणि मालमोटारी डिझेलवर चालतात आणि डिझेलमध्ये हे शिसे घालीत नसत. आमच्या लहानपणी परभणीत पेट्रोलवरची वाहने म्हणजे काही स्कूटर, लुना आणि ऑटोरिक्षा. त्यामुळे मुंबईच्या तुलनेत आपल्या जिल्ह्यातील हवेला याची झळ कमी लागली असणार. परंतु आपल्या जिल्ह्याची माणसे जिल्ह्यातच राहिली नाहीत. १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातील हजारो कुटुंबांनी मुंबई-पुण्याची वाट धरली. त्यांना जागा मिळाली ती रस्त्याच्या कडेला, नाल्याच्या काठी, रुळांच्या बाजूला. आपल्या समाजास परिचित असलेले घाटकोपरचे रमाबाई आंबेडकर नगर पूर्व द्रुतगती महामार्गास लागूनच आहे. पेट्रोलच्या धुरातील शिशाचे प्रमाण रस्त्यालगतच्या पट्ट्यात सर्वाधिक असते आणि रस्त्यापासून दूर जावे तसे झपाट्याने घटते. ज्याची झोपडी रस्त्याला खेटून, त्याच्या वाट्याला विष अधिक. मोटार ज्याच्या मालकीची होती, तो काचा वर करून पुढे निघून जात असे.

रक्तात गेल्यावर काय होते?

शरीरास शिशाची काडीचीही गरज नाही. तरीही शरीर ते शोषून घेते, कारण शिसे कॅल्शियमचे सोंग घेते. कॅल्शियमसाठी जी दारे उघडी असतात त्यांतून ते आत शिरते. प्रौढ माणसाने गिळलेल्या शिशापैकी सुमारे दहावा हिस्सा शरीरात मुरतो. लहान मुलात हे प्रमाण निम्म्यापर्यंत जाऊ शकते. शिवाय मूल जमिनीवर रांगते, मातीत खेळते, हात तोंडात घालते.

आत गेल्यावर ते तीन ठिकाणी घाव घालते. पहिला घाव रक्तावर. रक्तातील लाल द्रव्य तयार करणाऱ्या प्रक्रियेत ते अडथळा आणते आणि मूल फिकट पडते. दुसरा हाडांवर. हाडात शिसे वर्षानुवर्षे, दशकानुदशके साठून राहते. मुलगी मोठी होऊन गरोदर राहिली की बाळाच्या हाडांसाठी तिच्या हाडांतील कॅल्शियम सुटू लागते, त्याबरोबर बालपणीचे शिसेही सुटते आणि नाळेतून बाळापर्यंत पोहोचते. म्हणजे एका पिढीच्या रस्त्यावरचा धूर पुढच्या पिढीच्या गर्भात उतरतो. तिसरा आणि सर्वांत खोल घाव मेंदूवर. बालपणी मेंदूतील पेशींची जुळणी चाललेली असते आणि तीत कॅल्शियमचे काम मोठे असते. तोतया कॅल्शियम तेथे बसला की जुळणी बिघडते. लक्ष टिकत नाही, ऐकलेले ध्यानात राहत नाही, राग आवरत नाही. प्रौढांत रक्तदाब, मूत्रपिंड आणि हृदय यांचे विकार वाढतात.

किती शिसे चालेल? या प्रश्नाचे उत्तर वेळोवेळी बदलत गेले. अमेरिकेत १९६० च्या दशकात मुलांच्या १०० मिलिलिटर रक्तात ६० मायक्रोग्रॅमपर्यंत चिंता नाही, असे मानीत. ती मर्यादा १९७१ मध्ये ४०, १९७५ मध्ये ३०, १९८५ मध्ये २५, १९९१ मध्ये १० अशी उतरत गेली. २०१२ मध्ये ५ आणि २०२१ मध्ये ३.५ हा आकडा ठरला. आज जागतिक आरोग्य संघटना सांगते की, शिशाची सुरक्षित अशी कोणतीही पातळी ज्ञात नाही. अनेक देशांतील मुलांच्या नोंदी एकत्र करून २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले की, रक्तातील शिसे २.४ वरून १० पर्यंत गेले तर बुद्ध्यांक सुमारे ४ गुणांनी घटतो. पुढे १० वरून २० पर्यंत गेले तर आणखी सुमारे २ गुणांनी. म्हणजे सर्वाधिक नुकसान पहिल्या थेंबातच होते.

आपल्या राज्यातील मुले

१९९८-९९ च्या दुसऱ्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत मुंबई आणि दिल्ली येथील तीन वर्षांखालील मुलांचे रक्त शिशासाठी तपासण्यात आले. त्यातील १,०७८ मुलांचे आकडे असे आहेत : ५६८ मुलांत शिसे १० मायक्रोग्रॅमपेक्षा कमी, ४१३ मुलांत १० ते २० च्या दरम्यान आणि ९७ मुलांत २० किंवा त्याहून अधिक. म्हणजे जवळजवळ निम्मी बालके तेव्हाच्या धोक्याच्या रेषेवर होती. ज्या मुलांत शिसे अधिक, त्यांच्यात रक्तक्षयही अधिक, हेही या आकड्यांच्या विश्लेषणातून पुढे आले.

पेट्रोलमधून शिसे गेल्यावर काय झाले? मुंबईतील १२ वर्षांखालील ७५४ मुलांचा अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे एक तृतीयांश मुलांचे प्रमाण १० मायक्रोग्रॅमवर आढळले. बंदीपूर्वी १९९७ च्या सुमारास बंगळुरूच्या जॉर्ज फाउंडेशनने केलेल्या तपासणीत मुंबईत हेच प्रमाण सुमारे ६२ टक्के होते. अमेरिकेतही हेच घडले होते. तेथील लोकांच्या रक्तातील सरासरी १९७६ ते १९८० या काळात १२.८ होती, ती १९८८ ते १९९१ या काळात २.८ वर आली. सार्वजनिक निर्णयाने कोणाच्याही तोंडात औषध न घालता एवढ्या माणसांचे रक्त शुद्ध झाल्याचे दुसरे उदाहरण सापडणे कठीण. जुलै २०२१ मध्ये अल्जीरिया या अखेरच्या देशानेही मोटारींसाठी शिसेयुक्त पेट्रोलची विक्री थांबविली आणि शंभर वर्षांचा हा अध्याय संपला.

तरीही मुंबईतील एक तृतीयांश मुलांच्या रक्तात शिसे उरलेच होते. ते कोठून आले, याकडे पुढे वळूच. तत्पूर्वी शिक्षकांसाठी एक गोष्ट सांगणे अगत्याचे आहे.

दुधाचे दात आणि शिक्षकांचा शेरा

आपल्याकडे मुलाचा दुधाचा दात पडला की तो छपरावर फेकण्याची रीत आहे. अमेरिकेतील डॉ. हर्बर्ट नीडलमन यांनी बोस्टनजवळच्या दोन गावांतील पहिली-दुसरीच्या मुलांकडून असे पडलेले दात गोळा केले. हाडाप्रमाणे दातातही शिसे साठते, म्हणून दात म्हणजे मुलाच्या आजवरच्या श्वासांची वहीच. दुसरीकडे त्यांनी दोन हजारांहून अधिक मुलांविषयी वर्गशिक्षकांचे शेरे मागविले. मूल लक्ष देते का, दिलेले काम तडीस नेते का, सांगितलेले समजते का, चटकन निराश होते का, असे साधे प्रश्न होते. कोणाच्या दातात किती शिसे आहे हे शिक्षकांना माहीत नव्हते. १९७९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला : दातातील शिसे जसे वाढत गेले, तसे शिक्षकांचे प्रतिकूल शेरे पायरीपायरीने वाढत गेले. ही मुले आजारी दिसत नव्हती. ती फक्त 'लक्ष न देणारी' होती.

हा अभ्यास वाचल्यावर आम्हास आमचे स्वतःचे शेरे आठवले. प्रगतिपुस्तकात आम्ही किती वेळा 'अभ्यासात लक्ष नाही', 'बुद्धी सामान्य' असे लिहिले असेल! ते लिहिताना मुलाचे घर कोठे आहे, बाप काय काम करतो, पोटात काय जाते, याची चौकशी किती वेळा केली?

आपल्या समाजास हा प्रश्न अधिक झोंबतो, त्यास कारण आहे. बुद्धी जन्माने मिळते आणि जातीने वाटली जाते, असे शतकानुशतके आपणास ऐकविले गेले. जातिव्यवस्थेस वंशशास्त्राचा आधार देणाऱ्यांचा बाबासाहेबांनी १९३६ मध्ये, जातिप्रथेच्या विध्वंसनावरील आपल्या न झालेल्या भाषणात, सडेतोड समाचार घेतला होता. शिशाचा इतिहास बाबासाहेबांच्या बाजूने साक्ष देतो. दोन मुलांच्या गुणपत्रिकेतील अंतर जन्माने पडलेले नसून त्यांच्या घरांचे रस्त्यापासूनचे अंतर त्यास कारण असू शकते. त्याच वेळी एक सावधगिरीही आपण बाळगली पाहिजे. शिशाने बाधलेले मूल 'वाया गेलेले' समजणे हा नवा अन्याय ठरेल. चांगला आहार, स्थिर घर आणि धीराने शिकविणारा शिक्षक यांनी अशा मुलाची वाटचाल पुष्कळ सुधारते. आपले वसतिगृह नेमके याच कामासाठी उभे आहे.

पेट्रोलमधून गेले, मग उरले कोठे?

युनिसेफने २०२० मध्ये जाहीर केलेल्या अंदाजानुसार जगातील सुमारे ८० कोटी मुलांच्या रक्तात शिसे ५ मायक्रोग्रॅमहून अधिक आहे आणि त्यांपैकी सुमारे २७.५ कोटी मुले भारतातील आहेत. आज याचे एक प्रमुख कारण म्हणजे वाहनांच्या आणि इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या. भारनियमनाच्या काळात परभणीत घरोघर इन्व्हर्टर आले, ते आपण पाहिले आहे. प्रत्येक बॅटरीत काही किलो शिसे असते. ती निकामी झाल्यावर अधिकृत कारखान्यात गेली तर प्रश्न नाही. पण गल्लीतील भंगाराच्या दुकानामागे ती कुऱ्हाडीने फोडली, ॲसिड जमिनीवर ओतले आणि प्लेटा चुलीवर वितळविल्या, तर धूर थेट शेजारच्या घरात जातो. हे काम करणारा बाप संध्याकाळी कपड्यांवरून ते विष घरी आणतो आणि मूल त्याला धावत येऊन बिलगते.

दुसरे कारण रंग. घरगुती रंगांतील शिशावर ९० पीपीएमची मर्यादा नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्यापूर्वी रंगविलेली दारे-खिडक्या आणि झोके आजही अनेक शाळांत आहेत. तिसरे, शेंदूर. अस्सल शेंदूर म्हणजे शिशाचेच ऑक्साइड. चौथे, काही प्रकारचा सुरमा, जो शिशाच्या खनिजापासून करतात. पाचवे, हळकुंडास पिवळा झळाळ आणण्यासाठी लावलेला लेड क्रोमेट नावाचा रंग.

शिसे गेल्यावर काही देशांनी पेट्रोलमध्ये मँगनीजचे संयुग वापरले, याचीही नोंद घेतली पाहिजे. कॅनडात १९७६ पासून ते वापरात आले. मँगनीज अन्नातून अल्प प्रमाणात शरीरास हवेच असते. पण श्वासावाटे गेलेले मँगनीज यकृताची चाळणी चुकवून मेंदूकडे जाते. मँगनीजची भुकटी हाताळणाऱ्या कामगारांत चालताना तोल जाणे, चेहरा निर्विकार होणे, बोलणे अडखळणे अशी कंपवातासारखी लक्षणे १८३७ मध्येच स्कॉटलंडमध्ये नोंदली गेली. आपल्या राज्यात नागपूर व भंडारा जिल्ह्यांत मँगनीजच्या खाणी आहेत. शिवाय वेल्डिंगच्या धुरातही मँगनीज असते. आपले किती तरी माजी विद्यार्थी वाळूज आणि चाकणच्या कारखान्यांत वेल्डर आहेत. बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते आणि डिसेंबर १९४३ मध्ये ते स्वतः कोळसा खाणींच्या भागात जाऊन आले. कामगारांच्या आरोग्याचा विचार पाहणीपासून सुरू होतो, हा त्यातील धडा आपण घेतला पाहिजे.

आपण काय करू शकतो?

पालकांनी घरी बॅटरी फोडू अथवा वितळवू नये, आणि कोणी शेजारी तसे करीत असेल तर मुलांना तेथून दूर ठेवावे. जुनी बॅटरी नवी घेताना विक्रेत्याकडेच परत द्यावी. उत्पादकांनी ती परत घ्यावी असा २०२२ चा नियम आहे. बॅटरी, रंगकाम, भंगार किंवा वेल्डिंगचे काम करणाऱ्यांनी घरात येण्यापूर्वी हातपाय धुऊन कपडे बदलावेत आणि ते कपडे वेगळे धुवावेत. वेल्डरांनी मोकळ्या हवेत, वाऱ्याकडे पाठ न करता बाजूने उभे राहून काम करावे आणि योग्य मुखवटा वापरावा.

मुलांनी जेवणापूर्वी हात धुणे ही साधी सवय शिशाविरुद्धचे मोठे शस्त्र आहे. रस्त्यालगतच्या घरात कोरड्या झाडूने धूळ उडविण्यापेक्षा ओल्या फडक्याने पुसून घ्यावे. उपाशी पोटी आणि लोह-कॅल्शियम कमी असलेल्या शरीरात शिसे अधिक मुरते. म्हणून पोटभर न्याहारी, दूध, तीळ, नाचणी, हरभरा, पालेभाज्या आणि त्यांच्या जोडीला लिंबू किंवा आवळा हा आहार संरक्षक ठरतो. हळद शक्यतो हळकुंड पारखून, घरी दळून घ्यावी. फार पिवळेजर्द, हाताला रंग लागणारे हळकुंड टाळावे.

मूल वारंवार पोटदुखीची तक्रार करीत असेल, फिकट दिसत असेल, चिडचिडे झाले असेल आणि घरात वर सांगितलेल्यांपैकी एखादे काम चालत असेल, तर डॉक्टरांना ते काम कोणते हे आवर्जून सांगावे आणि रक्तातील शिशाच्या तपासणीबद्दल विचारावे. उपचाराची पहिली पायरी औषध नसून शिशाचा स्रोत दूर करणे ही आहे.

विद्यालयापुरते आमचे तीन प्रस्ताव आहेत. वसतिगृहाच्या जुन्या दारे-खिडक्यांचे पोपडे कोरडे न खरवडता ओले करून काढावेत आणि शिशाची मर्यादा पाळणारा रंग द्यावा. प्रवेश अर्जात पालकांच्या कामाचा जो रकाना आहे, तो वर्गशिक्षकाने खरोखर वाचावा. आणि कोणत्याही मुलाच्या प्रगतिपुस्तकात 'बुद्धी सामान्य' हा शेरा यापुढे लिहू नये. भारतीय संविधानाच्या अनुच्छेद ४७ ने लोकांचे आरोग्य सुधारणे हे राज्याचे कर्तव्य मानले आहे आणि अनुच्छेद २१ मधील जगण्याच्या हक्कात स्वच्छ हवेचा समावेश न्यायालयाने १९९१ मध्ये केला आहे. परंतु तो हक्क मुलापर्यंत पोहोचण्याचे शेवटचे पाऊल वर्गातील शिक्षकाचेच असते.

ज्या मुलाचा उल्लेख आम्ही आरंभी केला, तो आज चाळिशीत असेल. ही स्मरणिका त्याच्या हाती पडली, तर त्याने एकदा विद्यालयात यावे. त्या वेळी आम्ही त्यास जे म्हटले, ते चुकीचे होते, हे आम्हास त्याच्या समोर उभे राहून सांगावयाचे आहे.

जयभीम. नमो बुद्धाय.